कर्टेलचं शेपूट

वाटूर फाट्यावर गयासोद्दीनभाईंचं शिलाईचं दुकान आहे. पाटीवर लाल अक्षरांत 'न्यू कर्टेल टेलर्स' असं लिहिलंय. बाहेरगावचं कुणी ती पाटी वाचून हसलं की माझं डोकं फिरतं. हसायचं तर आधी विचारून घ्यावं. ते नाव आमच्या काकासाहेब सरांनी शिकवलेल्या एका शब्दाचं आहे, आणि त्या शब्दाचं सगळं घराणं वाटुरात शेंबड्या पोरालाही पाठ आहे.

मी सोमेश्वर. लग्नात माईकवर बोलतो तो. 'मुलीच्या मामांना नम्र विनंती, त्यांनी मुलीला घेऊन व्यासपीठावर यावं,' हे वाक्य मी असं म्हणतो की ज्याला भाची नाही त्यालाही उठावंसं वाटतं. ही बढाई नाही, धंद्याची ओळख आहे. पुढे जे झालं ते सगळं माईकवर झालं, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

काकासाहेब सर आमच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. शब्दाचा अर्थ ते सगळ्यात शेवटी सांगत. आधी तो शब्द कुठं जन्मला, कुणाच्या घरात वाढला, कोणत्या देशातून कोणत्या देशात गेला, हे सगळं व्हायचं. कुणी कंटाळून अर्थ विचारलाच तर म्हणायचे, "सोयरीक जमवताना घराणं बघता ना? मग शब्दानं काय पाप केलं?" वर्षभरात आमचे धडे दोन-तीनच व्हायचे. दहावीला आमची अर्धी बॅच इंग्रजीत आपटली, पण जे शब्द सरांनी घेतले ते आमच्या हाडात बसले. त्यात पहिला नंबर कर्टेलचा.

कर्टेल म्हणजे आखूड करणं, आवरतं घेणं. दुसरा मास्तर एवढं सांगून पुढं गेला असता. सर मागं गेले. लॅटिनमध्ये कुर्तुस म्हणजे आखूड. तिथून शब्द फ्रान्सात आला, आणि तिथं शेपूट छाटलेल्या घोड्याला त्याच घराण्यातलं नाव पडलं. घोडा समुद्र ओलांडून इंग्लंडात गेला. तिथं त्याला कर्टल म्हणायला लागले, आणि मग काहीही छाटलं की कर्टल. आता इंग्रजीत टेल म्हणजे शेपूट. लोकांना वाटलं, शेपटाचा मामला आहे म्हटल्यावर शब्दाच्या शेवटी टेलच असणार. झालं, कर्टलचा कर्टेल झाला. "शेपूट कापायचा शब्द," सर टेबलावर हात आपटून सांगायचे, "आणि लोकांनी त्यालाच शेपूट चिकटवलं!"

एवढ्यावर तास संपत नसे. सर मग खिडकीपाशी जायचे आणि आवाज खाली आणायचे. "शेपूट का छाटत होते? गाडीच्या पट्ट्यात अडकू नये म्हणून. पुढं पुढं तर नुसतं देखणं दिसतं म्हणून. पण घोड्याला कुणी विचारलं का? शेपूट कापलं म्हणून माश्या कमी होतात का रे? माश्या तेवढ्याच ऱ्हातात. हाकायचं साधन तेवढं जातं." घंटा वाजलेली असायची आणि आम्ही माश्यांचा विचार करत बाहेर पडायचो.

हीच गोष्ट सरांनी पँटची मापं देताना गयासोद्दीनभाईंना सांगितली. भाईंनी विचारलं, "मंग कुडता बी त्याच्यातूनच निघाला का, सर? तो बी आखूडच ऱ्हातो." सर तापले. कुडत्याचा काही संबंध नाही, पण टेलर हा शब्द मात्र फ्रेंचांच्या कापण्याच्या शब्दावरून आलाय, आणि कर्टेलला शेपूट फुटलं त्यात त्या कापण्याचाही हात असावा असं जाणकार म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. भाईंना आपला धंदा एवढ्या थोर घराण्यातला आहे हे पहिल्यांदाच कळलं. दुसऱ्या आठवड्यात पाटी बदलली. तेव्हापासून पँट आखूड झाली तरी गिऱ्हाईक भांडत नाही, पाटीकडे बघून गप्प बसतं.

सर रिटायर झाले आणि त्यांचा वर्ग गेला. शिकवायची सवय मात्र गेली नाही. मग ते लग्नात बोलायला लागले. पुतणीच्या लग्नात आशीर्वादाचे दोन शब्द बोलायला उठले आणि हसबंड या शब्दाचं घराणं काढून बसले. बुंदी थिजली, वरणावर साय धरली. नवरदेवाकडच्या पोरांनी मोबाईलवर त्यांचं शूटिंग केलं, हातवाऱ्यांची नक्कल करून त्याला गाणं जोडलं, आणि ते सगळ्या जिल्ह्यात फिरलं. सरांची एकुलती एक मुलगी अर्पिता तेव्हा जालन्यात फार्मसी शिकत होती. तिच्या होस्टेलच्या पोरींनी तिलाच ते दाखवलं. बाप कुणाचा आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

आता अर्पिताचंच लग्न ठरलं. मुलगा जालन्याचा, चांगला, अबोल. त्याचे वडील अप्पाराव जुन्या जालन्यात धान्याचे व्यापारी, आणि नमस्कार करतानाही घड्याळ बघणारे. त्यांची अट एकच होती. लग्न मुहूर्तावर लागलं पाहिजे.

आमच्याकडे ही अट म्हणजे हुंड्यापेक्षा अवघड. पत्रिकेत बारा पस्तीस छापतात आणि लग्न लागतं तीनला. मधला सगळा वेळ सत्कारांचा. आजी चेअरमन, माजी चेअरमन, होऊ घातलेले चेअरमन, त्यांचे मेहुणे, सगळ्यांची नावं माईकवर घ्यायची, एकेकाला वर बोलवायचं, शाल, नारळ, फेटा, फोटो. नवरा-नवरी खोलीत घामानं भिजतात आणि भटजी मोबाईलवर क्रिकेट बघतात. ही नावं मीच घेत असल्यामुळे मला तक्रारीचा हक्क नाही असं आमची बायको म्हणते. पण तक्रार करायला हक्क लागतो असं कुठं लिहिलंय?

तर अशी लग्नं बघून गाव वैतागलं होतं. मारुतीच्या पारावर बैठक भरली. पुढाकार भुजंगरावांचा. भुजंगराव पंचायत समितीचे माजी सदस्य, आणि तालुक्यातला सगळ्यात जास्त सत्कार झालेला माणूस. त्यांच्या घरात शालींनी भरलेली दोन कपाटं आहेत. त्यांनीच ठराव मांडला, सत्कार बिलकुल बंद. माईकवर फक्त मामाला बोलावणं, दोन मिनिटांत वधुपित्याचे दोन शब्द आणि मंगलाष्टकं. टाळ्या पडल्या. मग भुजंगरावांनी घोळ घातला. "सर, ह्या कपातीला इंग्लिशमधी भारी शब्द काय हाय? ग्रुपवर टाकायचं होतं."

जाणत्या लोकांनी चपला शोधायला सुरुवात केली. सर उठले, लॅटिनमध्ये शिरले, आणि घोडा इंग्लंडात उतरेपर्यंत पारावरचे दिवे लागले. कमी बोलायचं ठरवायला जमलेली बैठक जेवायच्या वेळेला सुटली. समितीचं नाव पडलं कर्टेल समिती, आणि पहिलं लग्न सरांच्याच घरचं म्हणून अध्यक्ष सर.

दुसऱ्या दिवशी अर्पिता माझ्याकडे आली. मी वायरी गुंडाळत होतो. ती उभ्या उभ्याच म्हणाली, "सोमादादा, एक काम सांगू? बाबाला दोनच मिनिटं द्यायची. त्यांनी घोडा काढला की माईक बंद करायचा."

"अगं, सर हाईत ते. त्यांचा माईक मी कसा बंद करू?"

"म्हणूनच तुम्हाला सांगून राह्यले. दुसऱ्यानं केला तर मला सहन होणार न्हाई." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "त्या दिवशी माझ्या बापाला कुणी हसलं न्हाई पाह्यजे. दुसरं मला काहीच नको. डीजे नको, डेकोरेशन नको."

मी हो म्हटलं. हो म्हणताना मला माझीच चीड आली. ज्या माणसानं मला बोलायला शिकवलं त्याचा आवाज बंद करायची सुपारी घेतली होती मी.

इकडे सरांना दोन मिनिटांचा भुंगा लागला होता. माणूस जिद्दीचा. रोज संध्याकाळी गयासोद्दीनभाईंच्या दुकानात बसून भाषणाची तालीम चालायची. भाई मशीन थांबवून घड्याळ लावायचे. पहिल्या दिवशी चहाच्या दोन फेऱ्या झाल्या तरी भाषण चालू. भाई म्हणाले, "सर, कपडा लई हाय. कैची लावावी लागती." सर एक वाक्य काढायचे, आणि ते का काढलं हे समजावून सांगायचे, त्यामुळे भाषण वाढायचं. मग भाईंनी नियम केला, काढलेल्या वाक्याबद्दल बोलायचं नाही. लॅटिन गेलं. फ्रान्स गेलं. त्या दिवशी सर न जेवता झोपले, असं शालूकाकूंनी मला सांगितलं. शालूकाकू म्हणजे सरांच्या मंडळी. "मानसानं घरचं कुणी गेल्यावानी तोंड केलंय," त्या म्हणाल्या. "म्या म्हणलं, फ्रान्स तं गेलं, भाकर खा."

शेवटी घोडा तेवढा उरला. आणि लग्नाच्या आदल्या आठवड्यात भाषण दोन मिनिटांत बसलं. मी तिथं होतो, माझ्या कानांनी ऐकलं. त्यात अर्पिता लहानपणी सरांच्या खांद्यावर बसून शाळेत यायची ते होतं, तिनं पहिला इंग्रजी शब्द उच्चारला ते होतं, आणि शेवटी घोडा. गयासोद्दीनभाईंनी चष्मा काढून पुसला. मी बाहेर जाऊन उगीच पान खाल्लं. घोडा होता, पण दोन मिनिटांत आवरत होता; आता स्विचला हात लावायची वेळ येणार नाही म्हणून माझा जीव भांड्यात पडला होता.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी भुजंगराव मांडवात आले. खुर्ची ओढून बसले, पाणी प्याले, आणि म्हणाले, "सर, सत्कार बंद म्हंजी बंद. माझा तं बिलकुलच नको. फकस्त एक अडचन झालीय."

"काय अडचण?"

"माझा सत्कार झाला न्हाई तर लोक म्हणतील, सर इसरले. न्हाईतर म्हणतील, भुजंगरावाची पत गेली. ठरावामुळं झाला न्हाई हे लोकायला कळाया पाह्यजे का न्हाई? मंग माईकवर नुसतं एवढंच सांगायचं, की भुजंगरावांचा सत्कार ठरावानुसार होणार न्हाई."

मी म्हणालो, "हा काय चावटपणा लावलाय? सत्कार न्हाई तर नाव कशाला?"

पण सर विचारात पडले होते. सरांचा तोच दोष, कुणी मुद्दा मांडला की त्यात तथ्य शोधायचं. "सोम्या," ते म्हणाले, "कापायचं तर सांगून कापावं. घोड्याला कुणी विचारलं नव्हतं, तसं आपण करू नये. एक वाक्य आहे. घे."

मी कपाळावर हात मारून घेतला. एक वाक्य कधी एकटं राहिलंय का आमच्या तालुक्यात?

लग्नाच्या दिवशी परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, वेळेत निघाला. नवरदेव मारुतीला जाऊन आला, घोड्यावरून उतरला, आणि घोडा मांडवाच्या कडेला बांबूला बांधला. सर आधी घोड्याचं शेपूट बघून आले. लांब होतं. सरबताच्या पिंपाजवळ बांधल्यानं त्याच्यावर माश्या घोंगावत होत्या आणि तो शेपटानं सपासप हाकत होता. "बघ," सर मला समाधानानं म्हणाले, "साधन शाबूत आहे." फेटा बांधलेला, नवीन पांढरा शर्ट, खिशाला पेन. एवढा देखणा बाप मी मांडवात कधी बघितला नव्हता.

बाराला मी माईक हातात घेतला. मुहूर्त बारा पस्तीसचा, म्हणजे पस्तीस मिनिटं हाताशी. मी म्हटलं, "कर्टेल समितीच्या ठरावानुसार पंचायत समितीचे माजी सदस्य माननीय भुजंगरावजी यांचा सत्कार होणार नाही."

आता माणसानं बसल्या जागी हात जोडून मोकळं व्हावं ना? भुजंगराव उठले. सावकाश चालत व्यासपीठावर आले, सरांशी हात मिळवला, जनतेला नमस्कार केला. फोटोवाल्यानं सवयीनं फोटो काढला. लोकांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या. सत्कार न झालेला माणूस सत्कार झाल्यासारखा खाली उतरला.

झालं. पहिल्या रांगेतून चिठ्ठी आली, आजी चेअरमनचाही सत्कार होणार नाही, नाव घ्या. घेतलं. ते वर आले, फोटो झाला. मग माजी चेअरमन. मग पतसंस्था, मग दूध डेअरी. मी नाव घ्यायचं थांबवावं म्हणून सरांकडे बघायचो, तर सरांपुढे कुणीतरी उभं, हात हातात घेऊन. शाली वाचल्या होत्या, पण शाल नसल्यामुळे प्रत्येक जण त्या जागी दोन शब्द ऐकवत होता.

तेवढ्यात रखमाजी माझ्यापाशी आले. रखमाजी म्हणजे आमच्या गावचे जुने जाणते शेतकरी, साधा माणूस, पण त्या दिवशी चेहरा लाल. "सोमेश्वरा, माझं नाव का न्हाई घेतलं?"

"रखमाजी काका, हे सत्कार न होणारे लोक हाईत."

"तेच म्हणतो मी. ह्यायचा सत्कार होणार न्हाई म्हंजी ठराव नसता तं झाला असता. माझं नावच न्हाई, म्हंजी ठराव नसता तरी माझा झालाच नसता का?"

मी आजवर माईकवर अडखळलो नव्हतो, तिथं अडखळलो. रखमाजींचं नाव घेतलं, त्यांच्या दोन्ही भावांचं घेतलं, कारण भाऊ शेजारीच बसले होते. मग अप्पाराव उठले. मला वाटलं हे घड्याळ दाखवून बंद करतील. ते म्हणाले, "दोन्ही पक्ष बराबर पाह्यजेत. आमच्या बाजूच्या कुणाचाच सत्कार होत न्हाई, त्याचं काय? लोक जालन्याहून आल्तेत." आणि त्यांनी खिशातून नावं काढली. गयासोद्दीनभाई खालून मला कात्रीची खूण करत होते. मला ते दिसत होतं, पण माझ्या तोंडाला जणू गिरणीचा पट्टा जोडला होता. आयुष्यभर नावं घेणारं तोंड, ते थांबेना.

अप्पारावांच्या साडूचा सत्कार होणार नाही हे मी जाहीर केलं तेव्हा भटजींनी हात वर केला. बारा तीस.

वधुपित्याचे दोन शब्द बाकी होते. सर पुढं आले. त्यांनी शर्टाची बटणं तपासली, घसा साफ केला, माझ्याकडं हात केला. अप्पारावांनी घड्याळ बघितलं आणि मोठ्यानंच म्हणाले, "सरांचं ऱ्हाऊ द्या आता. मुहूर्त चाल्लाय. मामाला बोलवा जल्दी."

सरांचा हात तसाच पुढे राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला आणि म्हणाले, "बरोबर आहे. बोलव मामांना." आणि बाजूला झाले. महिनाभर कापून कापून दोन मिनिटांवर आणलेलं भाषण त्यांनी तोंडातल्या तोंडात गिळलं. मी ते गिळताना बघितलं. मला भुजंगरावांना, चेअरमनला आणि त्या साडूला ओळीनं उभं करून कानाखाली वाजवाव्याशा वाटल्या, आणि शेवटी एक स्वतःला.

मी मामाला बोलावलं. आवाज लागला नाही. मामा अर्पिताला घेऊन आले. अंतरपाट धरला गेला, अलीकडे ती, पलीकडे मुलगा, दोघांच्या हातात हार. भटजींनी सूर धरला. तेवढ्यात अर्पितानं मान वळवून विचारलं, "बाबा बोलले का?"

शालूकाकू हळूच म्हणाल्या, "टाइम ऱ्हायला न्हाई, बाई."

"मंग थांबा," अर्पिता म्हणाली.

अप्पाराव म्हणाले, "सूनबाई, मुहूर्त."

"मामंजी, आत्ताच एवढ्या लोकांचे सत्कार न्हाई झाले. त्याला टाइम होता ना?" ती शांत बोलली, पण मांडवाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत गेलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सोमादादा, माईक बाबाला द्या. आन् स्विचवरचा हात काढा."

मी माईक सरांच्या हातात दिला आणि स्विचपासून लांब जाऊन उभा राहिलो.

सरांनी माईक तोंडाजवळ धरला. त्यांची दोन मिनिटं तयार होती, पण समोर मुहूर्त होता, आणि तो मुहूर्त त्यांच्याच पोरीचा. मागून कुणीतरी टवाळ ओरडलं, "येऊ द्या घोडा!" खसखस पिकली. जालन्याकडच्या रांगेत एक मोबाईल वर झाला. अर्पितानं डोळे मिटून घेतले.

सरांनी मांडवाच्या कडेला बांधलेल्या घोड्याकडे बघितलं. मग पोरीकडे.

"अर्पे," ते म्हणाले, "माश्या बसल्या तर फोन कर. मी येऊन हाकीन."

एवढंच. माईक त्यांनी मला परत दिला.

जालन्याकडची मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. त्यांना काय कळणार? पण वाटुरात चाळीस वर्षांच्या आतला असा एक माणूस नाही ज्यानं तो तास ऐकला नाही, आणि त्यावरच्यांनी पारावर ऐकला होता. मघाशी ओरडलेला टवाळ खुर्चीखाली काहीतरी शोधायला लागला. रखमाजी फेट्याच्या शेवानं डोळे पुसत होते. भुजंगरावांनी तर तोंडच फिरवलं. मी सरळ रडलो. लाज कशाची? माईक चालू होता, त्यामुळे माझं नाक ओढणं सगळ्यांनी ऐकलं.

अप्पारावांनी गयासोद्दीनभाईंना विचारलं, "कंच्या माश्या?" भाई म्हणाले, "नंतर सांगतो, शेठ. लंबी बात हाय."

अंतरपाटाच्या पलीकडून तो अबोल मुलगा म्हणाला, "एक बी बसू देत न्हाई, सर." त्याला अर्पितानं आधीच सगळं सांगून ठेवलं होतं म्हणे. भटजींनी सूर लावला, अक्षता पडल्या. बारा छत्तीस झाले होते. आमच्या तालुक्यात एवढ्या वेळेवर लागलेलं लग्न कुणाला आठवत नव्हतं, आणि ते कर्टेल समितीचं यश आहे असं भुजंगराव पंगतीत प्रत्येकाला सांगत होते.

संध्याकाळी पाठवणी. गाडी फुलांनी सजवलेली, मागच्या सीटवर अर्पिता आणि मुलगा, पुढं अप्पाराव. ड्रायव्हरनं गाडी चालू केली. शालूकाकूंनी रडून घेतलं होतं. सर खिडकीपाशी उभे होते, काचेच्या कडेवर हात ठेवून. तो हात निघत नव्हता आणि गाडीला हलता येत नव्हतं. अप्पारावांनी घड्याळ बघितलं.

अर्पितानं काच पूर्ण खाली घेतली. "बाबा," ती म्हणाली, "ते घोड्याचं सांगा ना. पहिल्यापासून."

"आत्ता?" सर म्हणाले. "अगं, लांबलचक आहे ते."

"असू द्या."

सरांनी अप्पारावांकडे बघितलं. अप्पाराव काही बोलायच्या आत मागून त्यांचा मुलगा पुढं वाकला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "गाडी बंद कर."

इंजिन बंद झालं. सरांनी खिशाचं पेन नीट केलं, एक पाय मागे घेऊन वर्गात उभे राहत तसे उभे राहिले, आणि लॅटिनमध्ये शिरले. कुर्तुस म्हणजे आखूड. तिथून फ्रान्सात गेले. गेल्या महिन्यात कापून टाकलेलं सगळं त्यांनी परत जागच्या जागी लावलं. अंधार पडला. वऱ्हाडाच्या जीपवाल्यांनी दिवे लावले आणि परत बंद केले. अप्पाराव खाली उतरले, जरा वेळ रस्त्यावर उभे राहिले, आणि मग हळूच सरांच्या मागे येऊन ऐकायला लागले. अर्पिताला त्यातला शब्द न् शब्द पाठ होता. तरी घोडा समुद्र ओलांडून इंग्लंडात उतरला, आणि सर दम घ्यायला जरा थांबले, तेव्हा ती खिडकीतून म्हणाली, "मंग?"